कोण सोडून गेलं, कोणाला सोडून दिलं

गेल्या अंकात मी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, उन्हाळी बाजाराबद्दल लिहिलं होतं. अमेरिकेतला हंगाम जूनमध्ये संपतो. त्यानंतर तीन-साडेतीन महिने चेंडू बाजूला पडतो आणि कागद पुढे येतो. कुणाचा करार संपतो, कुणाचा वाढतो, कुणाची अदलाबदल होते. त्या लेखावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच होता: हल्लीचे खेळाडू पैशामागे धावतात. मी पुण्यात बावीस वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवते आहे. त्याआधी स्वतः स्टायपेंडवर खेळले आहे. हा सूर मला लागतो, म्हणून या वेळी सगळी जागा या पत्रांनाच देते आहे.

प्रश्न: ताई, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आमच्या वेळी लॅरी बर्ड म्हणजे बॉस्टन आणि मायकल जॉर्डन म्हणजे शिकागो. आता दर वर्षी नवा संघ, नवा शर्ट. निष्ठा नावाची गोष्ट उरली आहे का? (निवृत्त शिक्षक, सोलापूर)

काका, बर्डबद्दल तुमचं बरोबर आहे. त्याची सगळी कारकीर्द बॉस्टनमध्ये गेली. जॉर्डन मात्र शेवटचे दोन हंगाम वॉशिंग्टनकडून खेळला. शिकागोतली त्याची गोष्टही निव्वळ निष्ठेची नाही. 1988 मध्ये त्याने आठ वर्षांचा करार केला होता, साधारण अडीच कोटी डॉलरचा. त्या आठ वर्षांत तो जगातला सर्वांत मोठा खेळाडू झाला, पण पगार त्याच कागदावरचा राहिला. 1996 मध्ये करार संपला, तो फ्री एजंट झाला, म्हणजे कुठल्याही संघाशी बोलायला मोकळा झाला, आणि शिकागोने एका वर्षाचे तीन कोटी एक लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी तीन कोटी एकतीस लाख. तो राहिला हे खरंच. पण आठ वर्षांत मिळालं नव्हतं ते एका वर्षात मिळालं, कारण त्याला दार उघडून बाहेर जाता येत होतं.

आता माझ्या मैदानावरची एक गोष्ट सांगते. 2 फेब्रुवारी 2025, रविवार. सकाळचा सराव संपत आला होता, पावणेअकराचा सुमार. मुली बाटल्या घेऊन पायरीवर बसल्या होत्या. एकीने फोन उघडला आणि किंचाळली. लूका डॉन्चिच डॅलसमधून लॉस एंजेलिस लेकर्सकडे. बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि 2029 च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीची एक निवड. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणी हॅक केलं असावं असं अमेरिकेतही लोकांना वाटलं. त्याला पुन्हा लिहावं लागलं की हे खरं आहे. आमच्याकडची एक सातवीतली मुलगी डॅलसचा निळा 77 नंबरचा शर्ट घालूनच सरावाला येते. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "ताई, त्याला विचारलं तरी का?"

नाही, बाळा. त्याला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. एनबीएच्या करारात खेळाडू संघाशी बांधलेला असतो, पण संघ त्याला दुसऱ्या संघाकडे देऊ शकतो. "माझ्या संमतीशिवाय मला देऊ नका" असं कलम मिळायला लीगमध्ये किमान आठ वर्षं आणि त्यातली चार त्याच संघात काढावी लागतात. ज्यांना ते मागता येतं, त्यांतल्याही मोजक्यांनाच मिळतं.

लूका तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आठ महिन्यांपूर्वीच त्याने डॅलसला अंतिम फेरीत नेलं होतं. लागोपाठ पाच वर्षं तो लीगच्या पहिल्या पाचांत निवडला गेला होता. 2025 च्या उन्हाळ्यात त्याला डॅलसकडून सुपरमॅक्स करार मिळू शकला असता, पाच वर्षांचे साधारण साडेचौतीस कोटी डॉलर. हा करार फक्त स्वतःच्या जुन्या संघाकडूनच मिळतो. खेळाडूने घर सोडू नये म्हणूनच हा नियम आणला. संघानेच घराबाहेर काढलं तरी नियम तोच लागू होतो, आणि लूकाचा तो हक्क त्या रात्री संपला. म्हणजे निष्ठेचं बक्षीस ठेवलं खेळाडूसाठी, आणि ते काढून घेण्याची मुभा ठेवली संघाला.

9 एप्रिलला तो लेकर्सच्या शर्टात डॅलसला खेळायला आला. सामन्याआधी मोठ्या पडद्यावर त्याचे जुने क्षण दाखवले तेव्हा तो बाकावर बसून रडला. मग उठला आणि 45 गुण केले. काका, तुम्ही निष्ठा शोधताय ना? त्या क्षणांचं चित्रण बघा.

आणि "आमच्या वेळी" एकाच संघात माणसं का राहायची तेही सांगते. सत्तरच्या दशकापर्यंत करार संपला तरी खेळाडू संघाचाच असायचा. दुसऱ्याकडे जायची सोयच नव्हती. ऑस्कर रॉबर्टसन हा थोर खेळाडू खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. 1970 मध्ये त्याने आणि इतरांनी लीगवर दावा लावला. निकाली निघाला 1976 मध्ये. तोवर रॉबर्टसन निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. जी वाट त्याने खणली, तिच्यावरून त्याला स्वतःला चालता आलं नाही. कुठल्याही अटीशिवाय संघ बदलणारा पहिला खेळाडू टॉम चेंबर्स, सिएटलहून फीनिक्सला, आणि तेही थेट 1988 मध्ये. म्हणजे जॉर्डनने आठ वर्षांचा कागद सही केला त्याच वर्षी.

प्रश्न: पगाराला मर्यादा आहे म्हणतात, मग संघ तिच्या वर कसे जातात? आणि बॉस्टनने विजेता संघ स्वतःच का मोडला? (सीएची विद्यार्थिनी, ठाणे)

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण या विषयात आकडे समजणारी माणसं हवी आहेत.

संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेला कॅप म्हणतात. 2025-26 साठी ती होती 15 कोटी 46 लाख डॉलर. ती भिंत नाही, उंबरा आहे. बाहेरचा मोठा खेळाडू करारावर आणायचा तर सहसा उंबऱ्याच्या आत जागा हवी. पण आपला स्वतःचा खेळाडू ठेवायचा असेल तर उंबरा ओलांडता येतो. याला बर्ड राइट्स म्हणतात, वरच्या काकांच्या लॅरी बर्डवरून. जॉर्डनचंच उदाहरण घे. 1997-98 मध्ये अख्ख्या संघाची कॅप 2 कोटी 69 लाख होती आणि एकट्या जॉर्डनचा पगार 3 कोटी 31 लाख. सगळं नियमात बसून.

उंबऱ्याच्या वर दुसरी रेघ कराची, 18 कोटी 79 लाखांवर. तीही श्रीमंत मालक ओलांडायचे आणि कर भरायचे. म्हणून लीग आणि खेळाडूंच्या संघटनेच्या 2023 च्या करारात आणखी वर नवी रेघ आखली, तिला सेकंड एप्रन म्हणतात. 2025-26 साठी ती 20 कोटी 78 लाखांवर होती. तिच्या पलीकडे गेलात तर नुसता दंड नाही, हातच बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू मागता येत नाही. अदलाबदलीत रोख रक्कम देता येत नाही. सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते.

बॉस्टन 2024 चा विजेता. 12 मे 2025 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेसन टेटमच्या टाचेवरची शिर तुटली. अकिलीस. तो बराच काळ बाहेर, आणि डोक्यावर पगार व कर मिळून पन्नास कोटी डॉलरच्या पुढचं बिल. जून संपायच्या आत ज्रू हॉलिडे पोर्टलंडला आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस अटलांटाला द्यायचं ठरलं. कुणी वाईट खेळलं नव्हतं. रेघेच्या खाली यायचं होतं. हॉलिडेकडे बघ. 2023 मध्ये डेमियन लिलार्डला मिळवण्यासाठी मिलवॉकीने त्याला पोर्टलंडला दिलं, पोर्टलंडने काही दिवसांत बॉस्टनला दिलं, तिथे विजेतेपद जिंकलं, आणि परत पोर्टलंड. यांतल्या एकाही प्रवासाची मागणी त्याने केल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये बॉस्टनचा अख्खा संघ 6.1 अब्ज डॉलरला विकायचा सौदा ठरला होता. मालकाने संघ विकला म्हणून त्याच्या निष्ठेबद्दल मला एकही पत्र आलं नाही.

प्रश्न: मी एडिसन, न्यू जर्सीला राहतो, न्यूयॉर्क निक्सचा जुना चाहता. 2012 च्या फेब्रुवारीत गार्डनमध्ये जेरेमी लिनला पाहिलंय, तो आवाज अजून कानात आहे. पण तो पाच महिन्यांत ह्यूस्टनला निघून गेला. याउलट निक्सच्या ब्रन्सनने 11 कोटी डॉलर सोडले. खरा माणूस कोणता, तुम्हीच सांगा. (एक वाचक)

दादा, तुम्ही तो फेब्रुवारी तिथे बसून पाहिलात, याचा मला हेवा वाटतो. मी तो रात्री-पहाटे उठून छोट्या पडद्यावर पाहिला. 10 फेब्रुवारी, लेकर्सविरुद्ध 38 गुण. हार्वर्डमधून आलेला, ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला, डिसेंबरात दोन संघांनी काढून टाकलेला मुलगा. त्यांतला दुसरा संघ ह्यूस्टन, आणि तारीख 24 डिसेंबर.

जुलैत त्याच ह्यूस्टनने त्याला तीन वर्षांचे 2 कोटी 51 लाख देऊ केले. लिन रेस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता. म्हणजे खेळाडूने सही केलेला बाहेरच्या संघाचा करार जुन्या संघाने जसाच्या तसा मान्य केला की खेळाडू जुन्याच संघात राहतो. त्याला वेगळं काही करावं लागत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. तेव्हा लिन जाणार की राहणार हे ठरवायचा अधिकार निक्सचा होता. ह्यूस्टनने पहिली दोन वर्षं पन्नास-बावन्न लाखांची ठेवली आणि तिसरं वर्ष एकदम 1 कोटी 48 लाखांचं. त्या तिसऱ्या वर्षावर निक्सला भारी कर बसणार होता. 17 जुलैला निक्सने हात मागे घेतला. लिन तुमच्या गावातून निघून गेला नाही दादा, त्याला जाऊ दिलं. इतकी वर्षं हा राग चुकीच्या माणसावर ठेवला असेल तर आता काढून टाका.

आता जेलन ब्रन्सन. 2018 च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने घेतलेल्या मुलांत हे दोघं होते: लूका, जो अटलांटाने तिसऱ्या क्रमांकावर निवडून त्याच रात्री डॅलसला दिला, आणि तेहतिसाव्या क्रमांकावर हा. लूकाभोवती सगळे, आणि ब्रन्सन शांतपणे दुसऱ्या बाजूला. डॅलसने त्याचा करार वेळेत वाढवला नाही. 2022 मध्ये चार वर्षांच्या 10 कोटी 40 लाखांवर तो न्यूयॉर्कला आला. जुलै 2024 मध्ये त्याने चार वर्षांची वाढ घेतली, 15 कोटी 65 लाखांची. आणखी एक वर्ष थांबला असता तर पाच वर्षांचे साधारण 26 कोटी 90 लाख मिळाले असते. त्याने थांबायचं नाकारलं, त्यामुळे रेघेखाली राहून संघ उभा करायला जागा झाली, आणि 2025 मध्ये निक्स पंचवीस वर्षांनी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले. मला तो माणूस फार आवडतो. त्याचं सोडणं खरं आहे.

पण कागद उलटून मागची बाजूही वाचा. त्या करारात शेवटचं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर आहे, म्हणजे तो 2028 मध्ये मोकळा होऊ शकतो. त्या वर्षी त्याची लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण होतात, आणि दहा वर्षांच्या खेळाडूला कॅपच्या 35 टक्क्यांपर्यंत पगार मागता येतो. आज सोडलेल्यातलं बरंच तेव्हा परत मागता येईल. लूकाने 2 ऑगस्ट 2025 ला लेकर्सशी केलेला करार बघा: तीन वर्षं, साडेसोळा कोटी डॉलर. चार वर्षांचा मिळत होता, त्याने तीनच घेतला. तिसरं वर्ष त्याच्या मर्जीवर. तोही 2028 मध्ये मोकळा होऊ शकतो. एकाच वर्षी आलेले, एकाच संघात वाढलेले हे दोघं एकाच उन्हाळ्याकडे बघत सह्या करून बसले आहेत. एकाला तुम्ही त्यागी म्हणता. दुसऱ्याला अजून कुणी काही म्हटलेलं नाही. दोघांनीही आपलं आयुष्य नीट वाचलं आहे.

मला भीती वेगळीच वाटते. ब्रन्सनने दिलं म्हणून उद्या प्रत्येकाकडे मागितलं जाईल, आणि जो देणार नाही तो लोभी ठरेल. माणूस आपल्या खुशीने देतो ते देणं. हात पुढे करून मागायला लागलात की ती वसुली होते.

प्रश्न: 1 जुलैला पहाटे साडेतीनला बाजार उघडतो आणि साडेतीन वाजून एका मिनिटाने कोट्यवधींचे करार जाहीर होतात. हे आधी न बोलता कसं शक्य आहे? (एक वाचक, नागपाडा, मुंबई)

शक्य नाही. आधी बोलतातच. ब्रन्सनच्याच बाबतीत निक्सची दुसऱ्या फेरीची एक निवड लीगने काढून घेतली होती, आणि त्याआधी शिकागो व मायामीलाही तशीच शिक्षा झाली होती. या शिक्षेने कुणी थांबेल असं मला वाटत नाही. तेहतिसाव्या क्रमांकावरचा मुलगा असा निघत असेल तर एक निवड गमावायला कोण नाही म्हणेल?

मी दर वर्षी त्या पहाटे उठते. चहाचं पातेलं गॅसवर, रेघांची वही समोर. पेन्सिलनेच लिहिते, कारण 6 जुलैपर्यंत सह्या होत नाहीत आणि तोंडी शब्द फिरू शकतो. 2015 मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला हो म्हटलं होतं, ते मी लिहून ठेवलं. आठवड्याभरात त्याने विचार बदलला, जुन्या क्लिपर्सचे सहकारी त्याच्या घरी जाऊन बसले आणि मुदत उघडताच मध्यरात्री सही झाली. ती ओळ खोडलेली अजून वहीत आहे. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटतं, तेही इथे स्पष्ट लिहिते. शब्द दिला होता, आणि समोरच्याने त्या शब्दावर बाकीचा उन्हाळा मांडला होता.

प्रश्न: गोल्डन स्टेट वॉरियर्सचा जोनाथन कुमिंगा 2025 चा सगळा उन्हाळा अडून का बसला होता? (अकरावीतला विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

अडून बसला नव्हता, अडकला होता. तोही लिनसारखाच रेस्ट्रिक्टेड. बाहेरच्या संघांना ठाऊक असतं की आपण करार द्यायचा आणि वॉरियर्सनी तो मान्य करून टाकायचा, म्हणून कुणी हात घालत नाही. मग दोनच वाटा उरतात: संघ देईल ते घ्या, नाहीतर एक वर्षाची ठरलेली क्वालिफाइंग ऑफर घेऊन पुढच्या वर्षी पूर्ण मोकळे व्हा. त्याची ऑफर होती सुमारे ऐंशी लाखांची. 2017 मध्ये नर्लेन्स नोएलने ही दुसरी वाट धरली. सात कोटींचा प्रस्ताव नाकारून एक्केचाळीस लाखांवर खेळल्याचं तेव्हा छापून आलं होतं. पुढे तेवढा मोठा करार त्याला कधीच मिळाला नाही. कुमिंगाने सप्टेंबर संपता संपता दोन वर्षांच्या 4 कोटी 85 लाखांपर्यंतच्या करारावर सही केली, आणि त्यातलं दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर होतं. मर्जी कुणाची, हा एक शब्द करारात आधी शोधत जा.

प्रश्न: ताई, एवढे कोटी कोटी मुलांचेच. आम्ही मुलींनी काय बघायचं? (नववी, नाशिक)

केटलिन क्लार्कला बघ. 2024 मध्ये ती डब्ल्यूएनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगमध्ये आली, तिच्यासाठी संघांना मोठी मैदानं घ्यावी लागली, आणि पहिल्या वर्षाचा तिचा पगार होता 76,535 डॉलर. कोटी नव्हे, लाखही नव्हे. 2025 मध्ये लीगमधला सर्वांत मोठा पगार अडीच लाखांच्या आत. कितीतरी जणी हिवाळ्यात दुसऱ्या देशांत जाऊन खेळल्या आहेत, म्हणजे शरीराला विश्रांती नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या संघटनेने जुन्या करारातून बाहेर पडायचा निर्णय घेतला. 2025 च्या जुलैमध्ये इंडियानापोलिसला ऑल-स्टार सामन्याआधीच्या सरावाला सगळ्या एकसारखे काळे टी-शर्ट घालून आल्या. त्यावर लिहिलं होतं: आमचं जे देणं आहे ते द्या. त्यांत क्लार्कही होती. मी तो फोटो छापून आमच्या सामानाच्या खोलीच्या दाराला आतून लावला आहे. तू पुण्याला आलीस तर ये, दाखवते.

प्रश्न: माझी मुलगी एकोणीस वर्षांची. एका खात्याच्या संघाने तिला स्टायपेंडवर घ्यायची तयारी दाखवली आहे, दोन वर्षांसाठी. घरात आनंद आहे, पण मला कागद कळत नाही. तुमच्या एनबीएच्या लेखाचा आम्हाला काही उपयोग होईल का? (एक आई, कोल्हापूर)

होईल, ताई. या पत्राला उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले.

मी वीस वर्षांची असताना अशाच एका संघाकडून खेळायचे. संघाचं नाव लिहीत नाही. तीन वर्षांचं पत्र होतं, महिन्याला अडीच हजार. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात रिबाउंडसाठी उडी मारली, उतरताना उजवा गुडघा आत वळला. आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. दुखण्याच्या आधी तो आवाज कळला. पुढच्या महिन्यापासून पैसे थांबले. विचारायला गेले तर त्यांनी पत्रातली एक ओळ दाखवली, "प्रत्यक्ष खेळण्याच्या अटीवर". सही करताना ती ओळ मी वाचलीही होती. तिचा अर्थ असा होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शस्त्रक्रिया वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडातून झाली.

म्हणून 2025 च्या उन्हाळ्यातला माझा सर्वांत आवडता करार लूकाचा नाही, लिलार्डचा आहे. पोर्टलंडमध्ये अकरा वर्षं काढलेला हा माणूस 2023 मध्ये मिलवॉकीला गेला. 27 एप्रिल 2025 ला त्याची अकिलीस तुटली. पस्तिशीला आलेला खेळाडू, आणि करारात अजून दोन वर्षं, 11 कोटी 30 लाख डॉलर. मिलवॉकीने त्याला मोकळं केलं. पण त्याचा करार गॅरंटीचा होता. संघाने त्याला काढलं तरी पैसे बुडवता येत नव्हते. फक्त तो बोजा पाच वर्षांवर पसरता आला, वर्षाला साधारण सव्वादोन कोटी. मग लिलार्ड पोर्टलंडला परतला, जिथे त्याची मुलं आहेत. तीन वर्षं, 4 कोटी 20 लाख. पहिल्या हंगामात तो खेळणारच नाही, पाय बरा करणार, हे दोन्ही बाजूंना माहीत असताना सही झाली. आणि या करारात ते दुर्मीळ कलम आहे: त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे पाठवता येणार नाही. ती बातमी वाचली तेव्हा मी वहीत पहिल्यांदा पेनने लिहिलं.

आता तुमच्या मुलीचा कागद. स्टायपेंड किती हे शेवटी बघा. आधी हे शोधा: दुखापत झाली तर पैसे चालू राहतात का, आणि किती महिने. शस्त्रक्रिया आणि नंतरची फिजिओथेरपी कोण करणार, खात्याचं रुग्णालय असेल तर स्टायपेंडवरच्या खेळाडूला तिथे दाखवता येतं का. विमा तिच्या नावाने आहे का. मध्येच दुसऱ्या संघाकडे जायचं झालं तर ना-हरकत पत्र किती दिवसांत द्यायचं हे लिहिलं आहे का, कारण त्या एका पत्रासाठी मुलींचा हंगाम वाया गेलेला मी पाहिला आहे. दोन वर्षांनी नोकरीत घेण्याबद्दल काही तोंडी सांगितलं असेल तर ते कागदावर मागा. "प्रत्यक्ष खेळण्याच्या अटीवर" किंवा तसं काही दिसलं, तर त्यापुढे "खेळताना किंवा सरावात झालेली दुखापत वगळून" एवढे शब्द घालायला सांगा. त्यांनी नाही म्हटलं तरी मागा. मागितल्याने निवड रद्द होत नाही, हे मी अनेक मुलींबरोबर त्या खोलीत बसून पाहिलं आहे.

सही करायची घाई करू नका. कागदाच्या सगळ्या पानांचे फोटो, मागच्या कोऱ्या पानासकट, मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. शनिवारी पोचले तर रविवारी सराव झाल्यावर वाचून फोन करते. आणि मुलीला सांगा, उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचे, आत वळू द्यायचे नाहीत. रोज वीस वेळा, आरशासमोर.